आधी मजकूर, मग कागद: मैत्रिणीच्या ब्रायडल शॉवरसाठी केलेलं कार्ड

लग्नाच्या दिवशी देतात ते कार्ड जोडप्यासाठी असतं. त्यावर दोन नावं असतात आणि शुभेच्छाही दोघांना असतात. ब्रायडल शॉवरचं कार्ड मात्र तिच्या एकटीचं. लग्नाला काही आठवडे उरलेले असताना जवळच्या मैत्रिणी, बहिणी, मावश्या, काकवा जमतात, होणाऱ्या नवरीला भेटी देतात, आणि तेवढा वेळ सगळ्यांचं लक्ष फक्त तिच्याकडे असतं. माझ्या मैत्रिणीसाठी कार्ड करायचं मनात आलं तेव्हा हा फरक मी आधी स्वतःशी पक्का करून घेतला आणि त्यामुळे पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटले. कार्डावर होणाऱ्या नवऱ्याचं नाव येणार नव्हतं. अंगठ्या, पांढरा गाउन, छत्री, फुलांचा गुच्छ असं या प्रसंगाला ठरलेलं काही येणार नव्हतं. लग्नानंतर ती आडनाव बदलेल की नाही हा तिचा प्रश्न, म्हणून आडनावही नको. आम्ही तिला ज्या नावाने हाक मारतो तेवढंच नाव घालायचं, आणि आम्ही तिला जशी ओळखतो तशी ती त्या कार्डात दिसली पाहिजे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी लागली. अशा कार्यक्रमात भेटी सगळ्यांसमोर उघडतात आणि भेटीबरोबरचं कार्ड पुष्कळदा मोठ्याने वाचलं जातं. म्हणजे मी लिहिलेलं तिची होणारी सासू ऐकणार, आत्या ऐकणार, ऑफिसातल्या मैत्रिणी ऐकणार. मला तर तिला असंही काही सांगायचं होतं, जे चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं. म्हणून एकाच कार्डात दोन मजकूर ठेवायचे ठरवले. एक उघडल्याबरोबर समोर दिसेल असा, सगळ्यांनी ऐकावा असा. दुसरा आतल्या खिशात, तिने घरी गेल्यावर काढून वाचावा असा. कार्डाचा आकार, घडी, बटण, सगळं या एका निर्णयातून निघालं.

मी कार्ड करायला घेते तेव्हा आधी लिहिते. कागद, रंग, दोरे यांच्याकडे नंतर वळते. उलट क्रमाने केलेली, दर्शनी बाजूवर प्रचंड मेहनत घेतलेली आणि आत 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा' एवढंच लिहिलेली कार्डं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि दर वेळी त्या मेहनतीसाठी वाईट वाटलं आहे. हा प्रकार आजचा नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरमध्ये एस्थर हाउलँड ही बाई १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून लेससारख्या कापलेल्या कागदाची, थरावर थर चढवलेली व्हॅलेंटाइन कार्डं करून विकत असे. मुलींना हाताशी घेऊन, कामाची वाटणी करून तिने हा व्यवसाय उभा केला. १८७९ मध्ये तिच्या कंपनीने नुसत्या ओळींची एक पुस्तिका काढली. गिऱ्हाइकाला कार्ड आवडलं पण आतल्या ओळी पटल्या नाहीत, तर पुस्तिकेतल्या दुसऱ्या ओळी कापून त्यावर चिकटवता येत. हाउलँडच्या हातातल्या कलेबद्दल मला मनापासून आदर आहे. कागदाचे थर एकमेकांपासून थोडे उचललेले ठेवले की त्यांच्या सावल्यांनी कार्ड कसं जिवंत होतं, हे तिच्या कार्डांकडे बघून कळतं. पण ओळी बदलल्या तरी कार्डाचं काहीच बिघडत नसेल, तर त्या ओळी आणि ते कार्ड यांचा एकमेकांशी संबंध तो काय? माझ्या मैत्रिणीच्या कार्डात मला तो संबंध हवा होता.

कच्च्या वहीत आधी मनाला येईल ते लिहून काढलं. प्रेमळ, हसतमुख, सगळ्यांना सांभाळून घेणारी, वगैरे. मग प्रत्येक वाक्यात दुसऱ्या एखाद्या ओळखीच्या मुलीचं नाव घालून पाहिलं. वाक्य जसंच्या तसं चाललं, तर ते खोडलं. ही कसोटी कडक आहे, पण मला याहून चांगली दुसरी माहीत नाही. पानभर मजकुरातून उरलं ते फक्त सुई-दोऱ्याचं.

माझ्या मैत्रिणीच्या पर्समध्ये खोकल्याच्या गोळ्यांचा एक जुना चपटा डबा असतो. त्यात दोन सुया, काळा आणि पांढरा दोरा, एक इवलीशी कात्री आणि कुठल्या कुठल्या कपड्यांची सुटलेली बटणं. कुणाची शिवण उसवलेली दिसली, कुणाच्या बॅगेचा पट्टा लोंबताना दिसला, की ती विचारत बसत नाही, डबा काढते. माझ्या पहिल्या मुलाखतीला आत बोलावण्याआधी कोटाचं मधलं बटण माझ्या हातात आलं. ती सोबत आली होती. तिने कोट काढायला लावला, खिडकीजवळ उजेडात जाऊन उभी राहिली, आणि माझं नाव पुकारेपर्यंत बटण जागेवर होतं. दोरा काळा होता, कोट करडा. तो काळा दोरा अजून तसाच आहे.

ब्रायडल शॉवरला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीकडे अशी एखादी गोष्ट असणार याची मला खात्री होती. म्हणून मोठ्याने वाचायचा मजकूर त्यावरच लिहिला. शेवटी तो असा झाला:

'तुझ्या पर्समधला तो चपटा डबा आम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्यातली सुई तू स्वतःसाठी क्वचितच काढतेस. आज इथे बसलेल्या जवळजवळ प्रत्येकीच्या कपाटात तुझ्या हातचा एक तरी टाका आहे. आता तू घर मांडशील. काही उसवलं, काही सुटलं, तर एकटीने शिवत बसू नकोस. हाक मार. आम्ही आमचे डबे घेऊन येऊ.'

यातल्या 'उसवलं' या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले होते. आनंदाच्या प्रसंगी उसवण्याची भाषा करावी का? एखाद्या वडीलधारीला ते खटकेल का? पण शिवण उसवणं ही तिच्या दृष्टीने रोजची, दुरुस्त होणारी गोष्ट आहे. तिच्यापुढे तो शब्द अशुभ वाटूच शकत नाही. म्हणून ठेवला. आधीच्या खर्ड्यात संसाराबद्दल दोन उपदेशाची वाक्यं होती, ती काढली. मग सगळं मोठ्याने वाचून पाहिलं, कारण वाचणारी दुसरीच कुणी असणार होती. एका दमात न येणारी लांब वाक्यं तोडली. डोळ्यांनी वाचताना अडचण वाटत नाही, पण मोठ्याने वाचताना लांब वाक्याच्या मध्यावर माणूस अडखळतो आणि ऐकणाऱ्यांचा धागा सुटतो.

एवढं झाल्यावर कार्ड कसं दिसणार हे वेगळं शोधावं लागलंच नाही. ते शिवलेलं असणार होतं.

कागदावर शिवायचं म्हटलं की जाडीला महत्त्व येतं. कागदाची जाडी वजनावरून मोजतात, दर चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा. तो टाक्याने लगेच फाटतो. ३०० च्या पुढे गेलं तर सुई जड जाते आणि घडीवर कागद तडकायची भीती असते. मी २५० जीएसएमचा, हस्तिदंती रंगाचा, किंचित खरबरीत पोताचा कार्डपेपर घेतला, तो आम्लरहित आहे ना हे बघूनच. कागदात आम्ल किंवा लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलं, तर तो हळूहळू पिवळा पडत जातो. जे कार्ड कुणीतरी वर्षानुवर्षं जपून ठेवेल अशी आपली इच्छा आहे, त्याच्या कागदात काटकसर करू नये असं माझं मत आहे.

कागदाला कल असतो. कारखान्यात लगदा यंत्रावरून पुढे सरकत असताना तंतू बहुतांशी त्या सरकण्याच्या दिशेने लागतात. त्या दिशेला समांतर घडी घातली की ती सुरीच्या धारेसारखी स्वच्छ पडते. आडवी घातली की घडीच्या काठावर तंतू तुटतात आणि पांढऱ्या भेगा दिसू लागतात. कल ओळखायला कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघायचा. ज्या दिशेने तो विनातक्रार वाकतो, तिकडची घडी चांगली. तयार ए-४ कार्डपेपरमध्ये हा कल बहुधा लांबीच्या दिशेने असतो आणि आपण घडी घालतो ती रुंदीला समांतर, म्हणजे नेमकी उलटी. म्हणून मी मोठा ताव घेऊन त्यातून कल बघून २१० × २९७ मिलिमीटरचा तुकडा कापला. मधोमध दुमडला की १४८ × २१० चं ए-५ कार्ड तयार होतं. या मापांची गंमत अशी की लांबी-रुंदीचं प्रमाण दोनाच्या वर्गमूळाएवढं असल्यामुळे निम्मं केलं तरी आकाराची ठेवण बदलत नाही. त्यामुळे आधी छोट्या कागदावर काढलेलं कच्चं चित्र मोठं करताना नव्याने जुळवत बसावं लागत नाही.

घडी घालण्याआधी स्टीलची पट्टी धरून बोन फोल्डरने, म्हणजे कागदावर घडी दाबायच्या बोथट टोकाच्या चपट्या पट्टीने, रेघ दाबून घेतली. बोन फोल्डर नसेल तर शाई संपलेलं बॉलपेन चालतं. रेघ दाबल्यावर एका बाजूला खाच पडते आणि दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा येतो. तो उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला यावा. अनेक जण खाच आत ठेवतात. पातळ कागदात त्याने काही बिघडत नाही, पण जाड कागदात बाहेरच्या काठावर ताण येतो.

आता नाव. तिचं नाव तीन अक्षरी, पहिल्या अक्षराला वेलांटी, शेवटचं दीर्घ ईकारान्त. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात. कागदावर ती रेघ आपण सहज ओढून मोकळे होतो, पण इथे ती दोऱ्याची करायची असं मनात आलं. अक्षरं शाईची, शिरोरेषा शिवलेली. नाव संपल्यावरही ती रेघ थांबणार नाही, साध्या धावदोऱ्याने कार्डाच्या उजव्या काठापर्यंत जाईल आणि कार्ड उघडलं की आत त्याच उंचीवर पुन्हा सुरू होऊन खिशाच्या बटणापाशी पोहोचेल. ही कल्पना सुचली तेव्हा मला खूप आनंद झाला, कारण तिचं नाव आणि तिचं काम एकाच रेघेत आलं होतं.

अक्षरं आधी ट्रेसिंग पेपरवर बसवली. तिरपं कापलेलं, सुमारे ३ मिलिमीटर रुंद निब वापरलं. बोरूने लिहिताना अक्षराला जे जाड-बारीक वळण येतं ते या निबने चांगलं येतं. शिरोरेषा ओढायची नसल्यामुळे प्रत्येक अक्षराचा माथा एका सरळ ओळीत संपणं गरजेचं होतं. एरवी शिरोरेषा ओढली की खालचं थोडं वर-खाली झालेलं झाकलं जातं. इथे झाकायला काही नव्हतं. वेलांटी आणि दीर्घ ईकार त्या रेघेच्या वर चढतात, म्हणून नाव कार्डाच्या अगदी वरच्या काठाजवळ न घेता वरून सुमारे एक तृतीयांश उंचीवर ठेवलं. त्यामुळे खाली मोकळी जागा जास्त राहिली आणि नाव खरोखर टांगल्यासारखं दिसू लागलं. खाली काहीतरी भरावं असा मोह होतो. तो मी टाळला. जिथे एकच गोष्ट सांगायची आहे तिथे रिकाम्या जागेची मदत होते.

शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची घेतली. ती उजेडात लवकर उडत नाही आणि सुकल्यावर पाण्याचा थेंब पडला तरी पसरत नाही. अक्षरं लिहून झाली की कार्ड रात्रभर तसंच ठेवलं आणि मग पेन्सिलीच्या रेघा मऊ खोडरबरने पुसल्या. शाई आधी आणि शिवण नंतर हा क्रम मोडू नये. शिवलेल्या कागदावर निब भोकात अडकतं, आणि टाक्यांवरून खोडरबर फिरवला की दोऱ्याचे तंतू उसकटतात.

शिवणीची तयारी शिवणीपेक्षा जास्त वेळ घेते. ट्रेसिंग पेपरवर शिरोरेषेच्या जागी दर ४ मिलिमीटरवर ठिपके काढले. टाके याहून फार जवळ घेतले तर कागदाची अवस्था पोस्टाच्या तिकिटांमधल्या छिद्रांसारखी होते आणि तो त्या रेषेत फाटतो. ट्रेसिंग पेपर कार्डावर ठेवून दोन्ही टोकांना हलक्या टेपने पकडला, खाली जाड फेल्ट घातलं आणि बारीक सुई उभी धरून एकेक भोक पाडलं. सुई नेहमी दर्शनी बाजूने टोचायची, म्हणजे कागदाचे उचकटलेले कडे मागच्या बाजूला जातात. वेलांटीची दांडी शिरोरेषेला जिथे छेदते तिथे भोक शाईवर येऊ नये म्हणून त्या भागातले दोन ठिपके थोडे सरकवले. सगळी भोकं पाडून झाल्यावर कार्ड खिडकीशी धरलं आणि उजेडात ती रेघ सरळ आहे ना हे बघून घेतलं. शिवण सुरू झाल्यावर काही बदलता येत नाही. कापडातलं भोक बुजतं, कागदातलं राहतं.

दोरा भरतकामाचा, मोरपंखी रंगाचा. तिच्याकडे या रंगाचं काही ना काही कायम असतं. भरतकामाची लड सहा पदरी येते. त्यातले दोन पदर सोडवून घेतले. सहाच्या सहा वापरले तर भोकं मोठी करावी लागतात आणि रेघ नावापेक्षा जड दिसते. एक पदर घेतला तर शिरोरेषेला वजनच राहत नाही. दोऱ्याची लांबी हातभर पुरे, लांब दोरा पुन्हा पुन्हा भोकातून ओढला जाऊन विरतो. नावाच्या वर उलटी टीप घातली, कारण तिथे शिरोरेषा अखंड दिसायला हवी. नाव संपल्यावर काठापर्यंत धावदोरा, एक टाका दिसणारा, एक मागे जाणारा. दोरा ओढताना तो कागदाला काटकोनात ओढायचा. तिरपा ओढला की भोक एका बाजूला चिरत जातं. मागे गाठ मारली नाही. गाठीचा फुगवटा वरून हाताला लागतो. दोऱ्याची टोकं दोन सेंटिमीटर ठेवून कागदी टेपने सपाट चिकटवली.

हे काम करताना मला तिच्याबद्दल एक गोष्ट नव्याने समजली. ती कुणाचंही काही शिवताना बोलत नाही. एरवी गप्पिष्ट, पण सुई हातात आली की गप्प. आम्ही ते तिचं एकाग्र होणं समजत होतो. प्रत्येक टाक्याआधी मागची बाजू उलटून बघताना, दोरा अडकला नाही ना हे बोटाने चाचपताना माझ्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. ज्याच्यासाठी शिवतो आहोत तोच माणूस अशा वेळी मनात असतो. खिशातल्या चिठ्ठीत मी हे लिहिलं.

कार्डाच्या आतल्या डाव्या बाजूला, म्हणजे शिवणीच्या मागे, १२० जीएसएमचा पांढरा कागद अस्तरासारखा लावला आणि त्यावर मोठ्याने वाचायचा मजकूर लिहिला. लिहून मगच तो चिकटवला. थेट कार्डावर लिहिताना एक अक्षर जरी बिनसलं तरी सगळी शिवण वाया जाते. अस्तर वेगळं असलं की निर्धास्त लिहिता येतं. अक्षरं मध्यम आकाराची, दोन ओळींमध्ये एक सेंटिमीटर अंतर. देवनागरीला वरून मात्रा, रफार आणि खालून उकार यांच्यासाठी जागा लागते. ओळी दाटीने आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो आणि मोठ्याने वाचणारीला डोळे बारीक करावे लागतात.

चिकटवायला पांढरा गोंद न वापरता दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप वापरली. गोंदातल्या पाण्याने कागद फुगतो आणि सुकताना लाटा येतात. मोठ्या पानाला तर हमखास येतात.

आतली उजवी बाजू वेगळ्या कागदावर तयार केली, कारण तिथेही शिवण होती आणि तिची मागची बाजू कार्डाच्या पाठीवर दिसली असती. खिसा साधाच: तीन बाजूंना एक सेंटिमीटरच्या पट्ट्या आत दुमडून चिकटवलेल्या, वरून झाकण. झाकणावर बटण. हे बटण त्या करड्या कोटाचंच. कोटाच्या आतल्या शिवणीला जादाचं बटण लावलेलं असतं ना, ते इतकी वर्षं तिथेच होतं. कागदावर बटण लावताना मागे त्याच आकाराची एक जाड कागदाची चकती ठेवली, नाहीतर झाकण उघडता-मिटताना कागद फाटतो. बटण अगदी घट्ट न लावता खाली थोडी जागा सोडली आणि त्या जागेत दोऱ्याचे वेढे देऊन उंची आणली, म्हणजे खिसा बंद करायचा दोरा बटणाखाली गुंडाळता येतो. बटण लावायला काळा दोरा घेतला. बाकी सगळीकडे मोरपंखी, इथे एवढा काळा. त्याचं कारण फक्त तिला कळणार होतं.

चिठ्ठीचा मजकूर इथे देत नाही, तो तिचा आहे. एवढंच सांगते की ती मी निबने, सजवलेल्या अक्षरांत लिहिली नाही. इतक्या वर्षांत तिला माझ्या ज्या अक्षरात चिठ्ठ्या मिळाल्या आहेत, त्याच घाईच्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिली. दर्शनी अक्षर सुंदर असावं, खाजगी अक्षर ओळखीचं असावं, असं मला वाटतं. ज्यांना आपलं अक्षर चांगलं नाही म्हणून कार्डावर छापील मजकूर लावावासा वाटतो, त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे की निदान शेवटचं एक वाक्य तरी हाताने लिहा. माणूस त्या अक्षरावरूनच तुम्हाला ओळखतो.

ए-५ कार्डाला सी-५ मापाचं, १६२ × २२९ मिलिमीटरचं पाकीट बसतं. बटणाचा उंचवटा असल्यामुळे मी पाकीट किंचित सैल होईल असं स्वतः बनवलं आणि आत पातळ कागदाची घडी घातली. कार्ड पोस्टाने पाठवायचं असतं तर बटण लावलंच नसतं. छाननीच्या यंत्रात असे उंचवटे अडकतात आणि पाकीट फाटतं. तेव्हा त्याऐवजी कापडाची बारीक नाडी बांधणं बरं. पाठीवर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात महिना आणि साल घातलं. पुढे कधीतरी ते उपयोगी पडतं.

कार्यक्रमात कार्ड तिच्या बहिणीने वाचलं. 'तुझ्या हातचा एक तरी टाका आहे' या वाक्याला ती थांबली, कारण बायका बोलायला लागल्या होत्या. एकीने पडद्याची गोष्ट सांगितली, एकीने मुलाच्या दप्तराची. तिच्या आत्याने चष्म्याच्या कापडी घराचं सांगितलं. होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, साखरपुड्याच्या दिवशी माझ्या ब्लाउजचा हूक हिनेच लावला. उरलेला मजकूर वाचायला बहिणीला बराच वेळ थांबावं लागलं. मी लिहिलं होतं एकच वाक्य, त्यात माणसांनी आपापली भर घातली.

माझ्या मैत्रिणीने कार्ड हातात घेतल्यावर पहिल्यांदा शिरोरेषेवरून बोट फिरवलं आणि लगेच कार्ड उलटून मागची बाजू बघितली. शिवणाऱ्या माणसांना ती सवयच असते. मागे अस्तर होतं. मग तिला बटण दिसलं, काळा दोरा दिसला. तिने माझ्याकडे बघितलं, खिसा उघडला नाही, आणि कार्ड पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. चिठ्ठीबद्दल आम्ही थोडंच बोललो. मग तिने विचारलं, गाठ न मारता दोरा कसा थांबवलास? भेटी देणाऱ्या सगळ्यांना तिला आभाराची कार्डं पाठवायची होती आणि ती तिला शिवूनच करायची होती, प्रत्येकीच्या नावाची शिरोरेषा वेगळ्या दोऱ्याने. मी तिला टेपचं सांगितलं, ट्रेसिंग पेपरचं सांगितलं, आणि बटण नसेल तर एवढा जाड कागद लागणार नाही, २०० जीएसएमचा पुरेल, हेही सांगितलं. तिने कोणत्या नावाला कोणता रंग घ्यायचा याची यादी तेवढ्यात सुरू केली होती.